झोपायच्या टोपीतला हुकूम

माझ्या आईनं माझं नाव सायलेन्स ठेवलं. म्हणजे मौन. आमच्या ॲशबी हॉलोत या नावावर लोक अजून हसतात, आणि मी हसू देते. आयुष्यात मी एकदाच नावाला जागले, तेही नेमकं नको तिथं. ते सांगायचं तर माझ्या धाकट्या भावाबद्दल सांगावं लागेल. कॅप्टन ओझायस थ्रॉल, गावच्या पलटणीचा चौदा वर्षं कॅप्टन आणि सहा वेळा निवडून आलेला आमदार. आमच्या व्हरमाँट राज्यात तेव्हा दोन्ही गोष्टी मतांवर मिळत. पलटणीतली माणसं आपला कॅप्टन स्वतः निवडत आणि गाव आपला आमदार निवडे. आमच्या गावात दोन्हीकडे तीच माणसं होती आणि दोन्हीकडे त्यांना ओझायसच हवा असे.

तो चांगला माणूस होता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वेगळं वाटेल. बायको गेल्यावर त्यानं दुसरं लग्न केलं नाही. त्याचं घर मी सांभाळायची, मेंढरं तो सांभाळायचा. कुणाची हद्द चुकली, कुणाचं मृत्युपत्र लिहायचं आहे, कुणाच्या विहिरीत पाणी लागत नाही, सगळे आमच्याच ओसरीवर येत. नदीवरचा पूल त्यानं विधिमंडळात तीन वर्षं घसा कोरडा करून मिळवला. पण माणूस म्हटला की काहीतरी असतंच. ओझायसला टोपीवरच्या तुऱ्याचं फार. पांढरं पीस, त्याला लाल टोक. कवायतीच्या आदल्या दिवशी तो तो तुरा किटलीच्या वाफेवर धरून फुलवत बसायचा.

"कोंबडा बरा रे तुझ्यापेक्षा," मी म्हणायची. "त्याचा तुरा निदान त्याच्या अंगचा असतो."

"ताई, तू मला मत देत नाहीस ते बरं आहे."

"दिलं असतं तर तुला गावाचा कोंडवाडा सांभाळायला बसवलं असतं."

तर कवायतीचा दिवस जूनच्या पहिल्या मंगळवारी असे, आणि त्या पहाटेची आमच्याकडे एक रीत होती. उजाडायच्या आत पलटणीतली माणसं बंदुका घेऊन चोरपावलांनी कॅप्टनच्या घराशी जमत आणि त्याच्या खिडकीखाली एकदम बार उडवत. नुसत्या दारूचे बार, गोळी नाही. कॅप्टननं दचकून उठल्यासारखं करायचं, खिडकी उघडून विचारायचं, "कोण आहे तिथं?" सार्जंटनं म्हणायचं, "आपली पलटण, साहेब." मग कॅप्टननं म्हणायचं, "आत या, न्याहारी तयार आहे." झालं. न्याहारी अर्थात तयार असायचीच, कारण मी रात्री दोनपासून चुलीपाशी उभी असायची. क्षणाचीही झोप मिळायची नाही, आणि बार उडाल्यावर मीही दचकायचं नाटक करायची.

हे सगळं कायद्याविरुद्ध होतं. दोन गावांत अपघात झाल्यावर विधिमंडळानं ठराव केला होता की कवायतीच्या दिवशी अधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय कुणी बार उडवायचा नाही, आणि वस्तीत असा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याची सनद जाईल. त्या ठरावाच्या बाजूनं ओझायसनं स्वतः हात वर केला होता. कायदा राजधानीत, माँटपेलियरात झाला आणि माँटपेलियरातच राहिला. आमच्याकडे पहाटेचे बार उडतच राहिले.

अठराशे एकोणचाळीसच्या जूनमध्ये आमच्याकडे पाहुणा होता. कर्नल स्टिकनी. त्याच्या रेजिमेंटमध्ये मेजरची जागा रिकामी व्हायची होती, आणि ती ओझायसच्या डोक्यात शिरली होती. कर्नलला वरची पुढची खोली दिली. चांगल्या चादरी काढल्या. ओझायस तीनदा स्वयंपाकघरात येऊन गेला.

"ताई, न्याहारीला सफरचंदाच्या पाई किती केल्यास?"

"अठरा."

"आणखी चार कर. कर्नलसाहेबांना माझी माणसं कशी आहेत ते दिसू दे."

"माणसं दिसायला पाई कशाला लागतात?"

तो वर जाऊन झोपला, म्हणजे झोपला नाही. छतातून त्याच्या पलंगाची कुरकुर मला ऐकू येत होती.

पहाटे बार उडाले. तीस बंदुका एकदम. माझ्या हातातला झारा तेलात पडला, आणि ते नाटक नव्हतं. ओझायसची खिडकी वर सरकली. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर तिच्याखाली. नाइटशर्ट आणि झोपायची लोकरी टोपी घालून तो अर्धा बाहेर वाकला होता, हे मला नंतर सगळ्यांनी सांगितलं.

"कोण आहे तिथं?"

"आपली पलटण, साहेब," सार्जंट अमासा विल्डर म्हणाला.

यानंतर न्याहारीचं बोलावणं यायला हवं होतं. ते आलं नाही. बाजूच्या खोलीतून कर्नलचं घोरणं येत होतं, मला खालीसुद्धा ऐकू येत होतं. एवढे तीस बार झाले आणि ज्याच्यासाठी ते हवे होते तो गाढ झोपलेला. ओझायस क्षणभर थांबला आणि मग एकच शब्द म्हणाला.

"पुन्हा."

तो मोठ्यानं म्हणाला नाही. पण कवायतीच्या मैदानात तो जसा म्हणायचा तसा म्हणाला. माणसांनी बंदुका पुन्हा भरल्या. दारू ओतल्याचं, गजानं ठासल्याचं मी ऐकलं. मग दुसरे बार झाले आणि त्यात एक बार वेगळाच वाजला, आणि विहिरीपाशी कुणीतरी ओरडलं.

तो जोथम पेल होता. खुर्च्या करायचा. आमच्या घरातल्या सहाच्या सहा खुर्च्या त्याच्या हातच्या. बंदूक त्याच्या हातात फुटली होती. उजव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटं गेली. मी माझी नवी ओढणी त्याच्या मनगटाला करकचून आवळली, आणि तो पांढराफटक पडलेला माणूस मला म्हणतो, "सायलेन्सबाई, ओढणी खराब होईल."

गावातल्या बंदूकवाल्यानं ती फुटकी नळी पाहिली आणि सांगितलं, आत दोन बार होते. म्हणजे पहिल्या वेळी जोथमच्या बंदुकीची ठिणगी पडली, पण आतली दारू पेटलीच नाही. एकोणतीस बारांच्या आवाजात ते त्याला कळलं नाही. दुसरा हुकूम झाला तेव्हा त्यानं त्या भरलेल्या नळीवर आणखी एक बार ठासला. दुसरा हुकूम झालाच नसता तर मैदानावर तपासणीत तो पहिला बार उपसून काढला असता आणि माणसं हसली असती, एवढंच.  

चार दिवसांनी गावच्या न्यायाधीशानं चौकशी घेतली. चर्चच्या मागच्या खोलीत. सार्जंट अमासानं बायबलवर हात ठेवून सांगितलं, कॅप्टननं फक्त कोण आहे एवढंच विचारलं. दुसरे बार माणसांनी आपखुशीनं उडवले. मग दुसरा आला, त्यानं तेच सांगितलं. मग तिसरा. एकूण तीस माणसं. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. आपल्या कॅप्टनची सनद जाऊ द्यायची नाही, एवढं त्यांनी न बोलता ठरवलं होतं. सगळ्यात शेवटी जोथमला आणलं. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. त्यानं डावा हात पुस्तकावर ठेवला.

"कॅप्टननं हुकूम दिला होता का?"

"नाही."

"मग तू बार का उडवलास?"

"हौस," जोथम म्हणाला.

ओझायस तिथंच बसला होता. न्यायाधीशानं त्याला विचारलंच नाही. कॅप्टन थ्रॉलला शपथ घालायची हे त्या म्हाताऱ्याच्या मनातही आलं नाही. मी दारात पाणी घेऊन उभी होते आणि मी ऐकलेलं मला कुणी विचारलं नाही. बाईची साक्ष कोण मागतो. पण विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, हे काही उत्तर नव्हे. मी गप्प राहिले. भाऊ होता माझा.

आता तुम्ही म्हणाल, मग काय बिघडलं. बिघडलं ते असं. आमच्याकडे ज्याला स्वतःचं पोट भरता येत नाही त्याचा मार्चच्या गावसभेत लिलाव होतो. जो सगळ्यात कमी रकमेत त्याला वर्षभर पोसायला तयार, त्याच्या घरी तो जातो आणि होईल ते काम करतो. अख्खं कुटुंब एकत्र कुणी उचलत नाही. नवरा एकाच्या शेतावर, बायको दुसऱ्याकडे, आणि मुलं जिथं हात कमी असतील तिथं. जोथमला चार मुलं होती. सर्वांत मोठी नऊ वर्षांची. एका हातानं खुर्चीचा पाय कातता येत नाही. उन्हाळा संपेपर्यंत गावच्या पंचांनी पुढच्या मार्चच्या यादीत पेल कुटुंबाचं नाव लिहून ठेवलं होतं.

एकच वाट होती. पलटणीच्या कामावर असताना जखमी झालेल्याला राज्याकडून निवृत्तिवेतन मिळे. पण कामावर असताना, म्हणजे हुकमावरून. हौसेनं नव्हे.

ओझायस जोथमच्या घरी पीठ पाठवायचा. लाकडं पाठवायचा. मेंढराचा पाय पाठवायचा. स्वतः जायचा नाही. रस्त्यात त्याचं घर दिसलं की घोडा वळवून गिरणीकडून यायचा.

"जोथमच्या दारात गेलास का?" मी रोज विचारायची.

"काल पीठ पाठवलंय."

"पीठ बोलत नाही, ओझायस."

सप्टेंबरात जोथमची बायको रोक्साना आमच्याकडे आली. ती काही मागायला आली नव्हती. तिच्या मुलांचे लोकरी मोजे आणले होते, मला दाखवायला, की टाच नीट वळली आहे का. मी म्हटलं, छान वळली आहे. तेव्हा ती म्हणाली, "चारही जोड्या वेगवेगळ्या रंगांच्या केल्यात. म्हणजे कुठंही गेल्या तरी कुणाचे कोणते ते कळेल." एवढं म्हणून ती उठली. ओझायस खोलीत होता, दार उघडं होतं.

त्या रात्री त्यानं अर्ज लिहिला. जोथम पेल यास कवायतीच्या दिवशी पलटणीच्या सेवेत जखम झाल्यावरून निवृत्तिवेतन मिळावं. गावानं सह्या केल्या. त्याच आठवड्यात गावानं त्याला एकमतानं सहाव्यांदा आमदार केलं. अर्ज मी वाचला. त्यात हुकमाबद्दल एक अक्षर नव्हतं.

"हे विचारतील," मी म्हटलं.

"सभागृहात माझ्या शब्दाला किंमत आहे, ताई. मी उभा राहिलो की विचारणार नाहीत."

"म्हणजे जोथमला वेतनही मिळेल आणि तुझा तुराही राहील."

"त्यात कुणाचं नुकसान आहे?"

खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर मलाही हवंच होतं.

ऑक्टोबरात मी त्याच्याबरोबर माँटपेलियरला गेले. चौदा मैल गाडीत तो त्याचं भाषण पुटपुटत होता. मी वरच्या सज्जात बायकांच्या बाकावर बसले. खाली दोनशेवर आमदार, निम्मे तंबाखू चघळणारे. अर्ज वाचला गेला. ओझायस उभा राहिला आणि त्याचं भाषण सुंदर झालं. जोथमचा बाप जुन्या युद्धात कसा लढला, जोथम कसा कष्टाळू, त्याची मुलं कशी लहान. लोक मान हलवत होते. तो खाली बसला आणि मला वाटलं, झालं.

मग ॲव्हरिल नावाचा एक वकील उठला. मोठ्या गावाचा आमदार, गोड आवाजाचा. त्याच्यावर माझा राग नाही. राज्याचा पैसा जपणं हेच त्याचं काम होतं.

"कॅप्टन थ्रॉल यांच्याबद्दल मला आदर आहे," तो म्हणाला. "पण माझ्या हातात चौकशीचे कागद आहेत. तीस माणसं शपथेवर सांगतात की हुकूम नव्हता. खुद्द अर्जदार सांगतो, हौस. हुकूम नसेल तर तो सेवेत नव्हता. उलट त्यानं या सभागृहाचा कायदा मोडला. कायदा मोडणाऱ्याला आपण वेतन द्यायचं का?"

 अध्यक्षानं हातोडी उचलली. ओझायस मान खाली घालून बसला होता. त्यानं वर सज्जाकडे पाहिलं. मी त्याला खूण केली नाही, डोळे मोठे केले नाहीत, काही नाही. मला भीती वाटत होती की तो उठेल आणि भीती वाटत होती की उठणार नाही.

तो उठला.

"हुकूम होता," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"हुकूम होता. मी दिला. माझी माणसं माझ्यासाठी खोटं बोलली. मी तिथं बसून ऐकलं आणि त्यांना थांबवलं नाही."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. ॲव्हरिल वकील खरा, त्यानं धागा सोडला नाही. "हुकमाचे शब्द काय होते?"

"पुन्हा."

"एवढंच?"

"एवढंच."

"कॅप्टनसाहेब तेव्हा गणवेशात होते?"

"नाइटशर्टात."

"डोक्यावर?"

"झोपायची टोपी."

आता लोक हसले. बरेच हसले. मागच्या बाकावरून कुणी ओरडलं, "तिच्यावर तुरा होता का?" आणि मला वाटलं, सज्जावरून शाईची दौत त्या माणसाच्या टकलावर सोडावी. ओझायसचे कान लाल झाले होते. पण तो खाली बसला नाही.

"मग सभागृहानं काय समजायचं?" ॲव्हरिल म्हणाला. "तो शब्द पलटणीचा अधिकारी बोलला, की झोपेतून उठलेला एक गृहस्थ?"

ओझायसनं जरा विचार केला. "त्यांनी माझं ऐकलं नसतं," तो म्हणाला, "तर मी कॅप्टन म्हणूनच रागावलो असतो."

हसणं थांबलं.

"आणि त्या शब्दाची काही गरज नव्हती," तो पुढे म्हणाला. हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. "रीतीप्रमाणे पहिले बार झाले होते. पण माझ्याकडे एक वरिष्ठ अधिकारी मुक्कामाला होते, आणि ते झोपलेले होते. माझी माणसं मला किती मानतात हे त्यांना ऐकू जावं म्हणून मी दुसरे बार मागितले. मला मेजर व्हायचं होतं. जोथम पेलचा हात त्यासाठी गेला. ज्या कायद्यानं माझी सनद जाते त्या कायद्याला मी स्वतः मत दिलंय, तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार नाही. वेतनाचं तेवढं पाहा."

तो खाली बसला. मी रडत होते आणि शेजारच्या बाईनं मला रुमाल दिला, तिला वाटलं माझं कुणी वारलं. अर्ज मंजूर झाला. ॲव्हरिलनंही बाजूनं मत दिलं, हे त्याच्या पदरात टाकलं पाहिजे.

नोव्हेंबरात लष्करी न्यायालय बसलं आणि दहा मिनिटांत उठलं. सनद गेली. तुरा त्यानं स्वतः काढून पेटीत ठेवला. आमदारकी मुदतीपर्यंत राहिली, पण पुढच्या वेळी त्याचं नाव कुणी घेणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. याचं त्याला दुःख झालं, नाही असं नाही. पण ते त्यानं आधीच मोजून ठेवलं होतं. जे मोजलं नव्हतं ते घरी आल्यावर पुढ्यात आलं.

तीस माणसांनी बायबलवर हात ठेवून खोटी शपथ घेतली होती, आणि ती खोटी असल्याचं आता सगळ्या राज्याच्या कागदावर आलं होतं. आमचा पाद्री सरळ माणूस, आणि सरळ माणसाइतका त्रास कुणी देत नाही. त्यानं सांगितलं, तिसांनी रविवारी मंडळीसमोर उभं राहून पाप कबूल करावं. ते उभे राहिले. बायकामुलांदेखत, एकामागून एक. जोथमही उभा राहिला. ओझायसनं शपथ घेतलीच नव्हती, त्यामुळे पाद्र्यानं त्याचं नाव पुकारलं नाही. तो बाकावर बसून राहिला, आणि तसं बसणं माझ्या शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

बाहेर पायऱ्यांवर तो अमासाजवळ गेला. "अमासा," तो म्हणाला.

"आम्ही तुमच्यासाठी खोटं बोललो," अमासा म्हणाला, "आणि तुम्ही खरं बोलून मोकळे झालात." आणि त्यानं टोपी घातली.

त्या हिवाळ्यात आमच्या ओसरीवर कुणी आलं नाही. ना हद्द, ना मृत्युपत्र, ना विहीर. दुकानात ओझायस शिरला की बोलणं हवापाण्यावर यायचं. लोक त्याला कॅप्टन म्हणू शकत नव्हते आणि दुसरं काही म्हणायची सवय नव्हती, म्हणून काहीच म्हणत नव्हते. जोथमचं वेतन सुरू झालं. तोही आला नाही.

"आता तरी त्याच्या दारात जा," मी म्हणायची.

"काय सांगू जाऊन? दोनशे लोकांसमोर सांगितलंय."

"त्या दोनशेंपैकी बोटं कुणाची गेली होती?"

तो उठून मेंढरांकडे निघून जायचा. मी जास्त बोलले की रात्री जेवायचा नाही. मग मीही जेवायची नाही. असे आम्ही दोघे म्हातारे उपाशी झोपायचो, आणि पाई मांजर खायचं.

मार्चमध्ये गावसभा भरली. बायकांना मत नसतं, पण दुपारचं जेवण आम्हीच करतो, त्यामुळे सज्जात बसून ऐकायला कुणी अडवत नाही. रोक्साना येऊन माझ्या शेजारी बसली. तिची चारही मुलं खाली शेकोटीपाशी होती, पायांत चार रंगांचे मोजे. ओझायस अगदी मागच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला. सभेचे अध्यक्ष, चर्चचे डीकन फार्नम यांनी गरिबांची यादी उघडली. रोक्सानानं माझा हात धरला. वेतन सुरू आहे हे तिला माहीत होतं, पंचांनी नाव खोडलं आहे हेही माहीत होतं, तरी धरला. एक विधवा पुकारली. एक म्हातारा शिपाई. एक वेडसर बहीणभाऊ, दोघे दोन घरी गेले. डीकननं यादी मिटली. रोक्सानानं हात सोडला तेव्हा माझ्या मनगटावर तिच्या नखांच्या खुणा होत्या.

मग गावच्या नेमणुका झाल्या. हवालदार, कुंपण-पाहणी, रस्त्यांचे मुकादम. शेवटी डुक्करराख्या. हे पद आमच्याकडे खरं आहे आणि थट्टाही आहे. मोकाट डुकरं पकडून कोंडायची. ते बहुधा नव्या नवऱ्याला देतात, की घरात उंडारणाऱ्याला बाहेर काम मिळावं. कधी कुणी फार चढेल झाला असेल तर त्याला.

"डुक्करराख्यासाठी नाव सुचवा," डीकन म्हणाले.

मधल्या बाकावरून जोथम पेल उठला. "ओझायस थ्रॉल," तो म्हणाला.

कॅप्टन नाही, मिस्टर नाही. चौदा वर्षांत गावात कुणी ते नाव असं मोकळं उच्चारलं नव्हतं.  हा अपमान आहे की काय आहे, कुणालाच कळेना. मलाही कळेना.

मग अमासा विल्डर बसल्या जागेवरून म्हणाला, "अनुमोदन."

"ओझायस," डीकन म्हणाले, "तुला मंजूर आहे का?"

ओझायस खांबाआडून उभा राहिला. "गावात डुकरं किती आहेत?" त्यानं विचारलं.

"दोन पायांची धरून?" कुणीतरी म्हणालं.

हसू फुटलं. आधी तोंडावर हात ठेवून, मग उघड.

"एकट्याला जमायचं नाही त्याला," जोथम म्हणाला, तो अजून उभाच होता. "त्याला रांगेत चालणाऱ्यांची सवय. मी जाईन बरोबर."

आता अमासाही हसत होता, डोळे पुसत. ओझायस हसला नाही. तो बाकांमधून पुढे निघाला, कारण डुक्करराख्यालासुद्धा डीकनपुढे जाऊन शपथ घ्यावी लागते. जोथमच्या बाकाशी आल्यावर तो थांबला. त्यानं सवयीनं उजवा हात पुढे केला, मग तो मागे घेतला आणि डावा केला. जोथमनं तो धरला. सज्जातून मला ओझायसची पाठ दिसत होती, आणि ती हलत होती.

"जोथम," तो म्हणाला, "माझं चुकलं."

"ठाऊक आहे," जोथम म्हणाला. "जा पुढे. या वेळी शपथ तू घे."